एक गंजलेलें रिव्हॉल्व्हर : खरेदी, साफसफाई व वाचन

जुन्या वाड्यांतून दप्तरें गोळा करणाऱ्या मंडळींच्या हातीं दप्तराबरोबर न मागतां शस्त्रेंहि येतात. माळ्यावर रुमालांत बांधलेलें बाड असतें, त्याच्या शेजारीं फडक्यांत गुंडाळलेली एखादी तरवार किंवा कट्यार असते, आणि क्वचित् एखादें पिस्तूल. बाडाचें काय करावयाचें हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. तें उन्हांत टाकूं नये, ओल्या हातानें सोडूं नये, पानें चिकटलीं असल्यास ओढूं नयेत, इतकें तरी आपण जाणतों. शस्त्राच्या बाबतींत मात्र तेच शहाणे गृहस्थ लिंबू, चिंच, विटकरीची भुकटी आणि काचकागद घेऊन बसतात व घटकाभरांत तें लखलखीत करून दिवाणखान्यांत टांगतात. आम्हींहि एके काळीं हेंच केलें आहे. एका कट्यारीच्या पात्यावरील काळपट थर आम्हीं मोठ्या हौसेनें घासून काढला. पुढें तिचें जुनें छायाचित्र पाहण्यांत आलें, तेव्हां मुठीलगत सोन्याच्या तारेनें भरलेलीं चार अक्षरें त्यांत दिसलीं. कट्यारीवर आतां तीं नाहींत. त्या चार अक्षरांचा दंड म्हणून पुढील हकीकत लिहीत आहों.

मूळचें बेळगांव जिल्ह्यांतील व सध्यां कोल्हापुरांत राहणारें एक इनामदार घराणें आहे. (घराण्याचें व गांवाचें नांव त्यांच्याच इच्छेवरून येथें देत नाहीं.) त्यांचे कागद पाहण्याचा योग आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं आला. त्या घरांत एक कथा पिढीजात चालत आलेली होती. ता. ३१ जुलै १८५७ च्या रात्रीं कोल्हापुरांतील सत्ताविसाव्या पायदळ पलटणीनें उठावणी केली. त्या गर्दींत घराण्याच्या एका पूर्वजानें इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून पडलेलें पांच बारांचें पिस्तूल उचललें व घरीं आणून लपवून ठेविलें, अशी ती कथा. उठावणी इतिहासप्रसिद्ध आहे. पिस्तूलहि होतें, परंतु तें घरांत नव्हतें. परवाना ज्यांच्या नांवें होता ते वृद्ध गृहस्थ वारल्यावर वारसांपैकीं कोणासच परवाना नको होता, म्हणून तें एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेव म्हणून देण्यांत आलें होतें, आणि ठेवीच्या पावतीवर बरींच वर्षें लोटलीं होतीं. वारसांचें म्हणणें असें पडलें कीं, कागद तुम्ही घेतच आहां, तर पिस्तूलहि विकत घ्या, चांगलें साफ करा, आणि सत्तावन सालच्या या वस्तूविषयीं त्रैमासिकांत एक टिपण लिहा. घराण्याची स्मरणिका निघावयाची होती व तींत तें टिपण पुन्हां छापावयाचें होतें.

येथें कायद्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण संग्राहक मंडळींत याबद्दल फार गैरसमज दिसतो. "वस्तु जुनी आहे, गंजलेली आहे, तिला परवाना कशाला?" असें पुष्कळ जण म्हणतात. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घाटाच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांस सूट आहे खरी. पण ती सूट ज्यांतून दुरुस्तीनेंहि बार काढतां येणार नाहीं अशाच शस्त्रांस आहे. गंजानें जखडलेलें रिव्हॉल्व्हर पंधरा दिवस तेलांत ठेवल्यानें चालूं लागण्यासारखें असेल, तर तें या सुटींत बसत नाहीं. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा निराळा. त्याप्रमाणें शंभर वर्षें झालेली वस्तु पुराणवस्तु ठरूं शकते, व हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात हें आपल्या वाचकांस ठाऊकच असेल. परंतु त्या कायद्यानें वस्तु पुराणवस्तु ठरली म्हणून शस्त्राचा परवाना माफ होत नाहीं. वारसांनीं रिव्हॉल्व्हर विक्रेत्याकडे ठेवलें हें २१ व्या कलमास धरून अगदीं योग्य झालें. आम्हींहि रीतसर अर्ज केला. परवाना मिळण्यास सव्वा वर्ष लागलें.

अर्ज करण्यापूर्वीं वस्तु पाहून घेतली होती. विक्रेत्यानें कपाटांतून काढून पुढें ठेविली तेव्हां ती चिखलाच्या ढेकळासारखी दिसत होती. अशी वस्तु हातांत घेणाऱ्यानें ती भरलेली आहे असेंच धरून चालावें व नळीचें तोंड कोणाकडेहि वळवूं नये. "रिकामेंच आहे" हें मालकाचें वचन पोथ्यांच्या यादींतील "संपूर्ण" या शेऱ्याइतकेंच विश्वसनीय असतें. काडतुसें ठेवण्याचें जें फिरतें चक्र, त्यास पांच घरें होतीं. तें जागेवरून हालत नव्हतें. विजेच्या बत्तीनें पुढून व मागून निरखून पाहतां पांचांपैकीं एका घरांत हिरवट पितळेची कड दिसली. काडतूस होतें, आणि त्याची टोपी शाबूत होती. पिढ्यान् पिढ्या जें मुलांनीं दसऱ्यास पाटावर मांडून पूजिलें तें भरलेलें होतें! बंदुकीची दारू व टोपी शंभर वर्षांनींहि पेट घेऊं शकते. अशा वेळीं ठोकणें, तापविणें किंवा कांहीं खुपसून पाहणें यांपैकीं एकहि गोष्ट संग्राहकानें करूं नये. विक्रेत्याच्या परवानाधारक कारागिरानें तें काडतूस पुढें काढून टाकलें. आम्हीं त्यांत हात घातला नाहीं.

रिव्हॉल्व्हरचा घाट असा: नळी आंखूड, अडीच इंचांची, चौकट अखंड, म्हणजे चक्राच्या वरूनहि लोखंडाची पट्टी गेलेली, उजव्या अंगास काडतूस घालण्याचा लहानसा दरवाजा, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, बारीक चौकडी कोरलेली. वरच्या पट्टीवर गंजांतून सात रोमन अक्षरें वाचतां येत होतीं. त्यांचा शब्द "ब्रिटिश" असा होत होता. त्यापुढें गंजाचा पापुद्रा होता. विक्रेता म्हणाला, "पाहा, ब्रिटिश असें कोरलेंच आहे, आणखी पुरावा काय पाहिजे?" आणि त्या एका शब्दाच्या जोरावर त्यानें किंमत वाढविली. ती आम्हीं दिली. ज्यास लेखाचा अर्धाच शब्द वाचतां येतो त्यानें भाव करूं नये, हें आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं.

१८५७ सालीं इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेस पांच बारांचें रिव्हॉल्व्हर असणें मुळींच अशक्य नव्हतें. रॉबर्ट अ‍ॅडम्स यानें १८५१ सालीं पेटंट घेतलेलें रिव्हॉल्व्हर पांच घरांचें व अखंड चौकटीचेंच होतें. १८५६ सालीं बोमंट याच्या सुधारणेनें त्याचा घोडा अंगठ्यानें चढवितां येऊं लागला व तें नमुन्याचें हत्यार इंग्रजी सैन्यानें स्वीकारलें. अमेरिकन कोल्ट यानेंहि १८५३ सालीं लंडनांत कारखाना काढला होता, पण त्याचें नेव्ही नांवाचें रिव्हॉल्व्हर सहा घरांचें. हीं सर्व टोपीचीं हत्यारें. चक्राच्या प्रत्येक घरांत पुढील बाजूनें दारू व गोळी भरावयाची व मागें तांब्याची टोपी बसवावयाची, अशी त्यांची तऱ्हा होती. आमच्या पुढील वस्तु मागून काडतूस घालण्याची होती. एवढ्यावरून ती सत्तावन सालची नव्हे असें म्हणतां आलें असतें. परंतु टोपीचीं रिव्हॉल्व्हरें मागाहून काडतुसाचीं करून घेतल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत, आणि वारसांचाहि तोच तर्क होता. केवळ घाटावरून काळ ठरविणें हें केवळ वळणावरून मोडी कागदाचा काळ ठरविण्यासारखें आहे. पुष्कळदां साधतें, आणि नेमकें महत्त्वाच्या ठिकाणीं फसतें. म्हणून लोखंडावरचीं चिन्हें वाचल्याशिवाय कांहीं लिहावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें.

परवाना हातीं आल्यावर वस्तु ताब्यांत घेण्यास गेलों तों काय पाहतों! रिव्हॉल्व्हरचें उजवें अंग आरशासारखें चकाकत होतें. गिऱ्हाईक खूष व्हावें म्हणून दुकानांतील एका मुलानें तें घासण्याच्या चाकावर धरलें होतें. सुदैवानें दुसरें अंग होण्यापूर्वीं त्यास दुसरें काम लागलें. विक्रेत्यास साफ न करण्याविषयीं आम्हीं सांगितलें होतें, पण लेखी दिलें नव्हतें. शिवाय पहिल्या भेटींत छायाचित्रें घेतलीं तीं वरच्या पट्टीचीं व डाव्या अंगाचींच. दोष निम्मा आमचा. उजव्या अंगावर विकणाऱ्या पेढीचें नांव होतें कीं नव्हतें, हें कळण्यास आतां मार्ग नाहीं. चौकटीच्या कडा गोल झाल्या आहेत आणि स्क्रूंच्या भोंवतालीं उथळ खळगे पडले आहेत. चाकावर धरलेल्या शस्त्राची हीच खूण. शस्त्रकायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणें शस्त्रावरील नांव, आंकडा किंवा ओळखीची खूण नाहींशी करणें हा गुन्हा आहे, हेंहि त्या मुलास कोणीं सांगितलें नसावें. पूर्वीचे शिकलगार या कामांत अधिक जाणते होते. पात्यास धार व झिलई देणें हाच त्यांचा धंदा, तथापि पात्यावरील नक्षी वाचविणें हेंहि त्यांस कळत होतें.

आतां साफसफाई. गंज म्हणून ज्यास आपण एकच नांव देतों त्यांत दोन निरनिराळे पदार्थ असतात. तांबडा गंज हा पाणी धरून ठेवणारा, भुसभुशीत व वाढता असतो; त्याच्या खालीं लोखंड झिजतच राहतें. काळा गंज घट्ट व स्थिर असतो, आणि तो लोखंडाचें रक्षण करतो. कारखान्यांतून नव्या बंदुकीस जो निळसर काळा रंग देतात तो या काळ्या जातीचाच पातळ थर होय. तेव्हां तांबड्यास घालवावयाचें व काळ्यास ठेवावयाचें, एवढेंच खरें काम. काचकागदास हा भेद कळत नाहीं. लिंबू, चिंच, शिरका वगैरे आंबट पदार्थांसहि कळत नाहीं. ते दोन्हीं खातात, आणि खोल अक्षरांच्या कडा आधीं खातात.

प्रथम लांकडी मूठ काढली. तिचा एकच स्क्रू होता. पण त्याच्या खांचेंत नेमका बसेल असा पेंचकस घांसून तयार करण्यास एक दुपार गेली. बाजारी पेंचकस खांचेपेक्षां अरुंद असतो, तो सटकतो आणि स्क्रूचें डोकें फाडतो. जुन्या शस्त्राचा स्क्रू फाटला म्हणजे त्याचें सौंदर्य व मोल दोन्हीं गेलीं. मुठीच्या आंतील बाजूस दोन आंकडी एक संख्या खोदलेली सांपडली. नंतर सर्व सांगाडा पातळ यंत्रतेल व घासलेट यांच्या मिश्रणांत बुडवून ठेविला. रोज एकदां काढावयाचा, पुसावयाचा, हलक्या हातानें चक्राचा आंस हालतो का पाहावयाचा, आणि परत ठेवावयाचा. एकोणिसाव्या दिवशीं आंस हालला. घाईनें पकड लावली असती तर पहिल्याच दिवशीं तो मोडला असता. चिकटलेलीं पानें सोडवितांना जी चिकाटी लागते तीच ही, फक्त येथें वाफेऐवजीं तेल. आंसावर, चक्रावर व दरवाजावर मुठींतील तीच दोन आंकडी संख्या निघाली. यावरून सर्व भाग मूळचे एकत्रच आहेत, मागाहून जुळविलेले नाहींत, हें ठरलें.

सुटे भाग तेल लावून तांब्याच्या पट्टीनें खरवडले. तांबें पोलादाहून मऊ असल्यामुळें तें गंज उचलतें व खालील धातूस ओरखडा पाडत नाहीं. जुन्या तांब्याच्या नाण्याची गुळगुळीत कड या कामास उत्तम, असें सांगतात. पण आमच्या वाचकांपैकीं कोणीं शिवराई घेऊन बसूं नये, वायरमनकडची पट्टी पुरे. त्यानंतर अत्यंत बारीक पोलादी लोकर तेलांत भिजवून अगदीं अलगद फिरविली. जेथें अक्षराची शंका आली तेथें लोकर न वापरतां बांबूची टोकदार काडी वापरली. शेवटीं चौकट, नळी व चक्र पावसाच्या गाळलेल्या पाण्यांत अर्धा तास उकळले. (काडतूस निघालें आहे व नळी आरपार मोकळी आहे, याची खातरजमा पुन्हां करून मगच; आणि लांकूड अर्थातच बाजूस ठेवून.) उकळत्या पाण्यानें उरलेला तांबडा गंज काळा होतो, हें प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरें वाटत नाहीं. तपकिरी चक्र पाण्यांतून निघालें तें काळ्या मखमलीसारखें. वरची मखमल मऊ ब्रशानें झाडली कीं खालीं घट्ट काळा थर राहतो. निकेलचा मुलामा असलेल्या शस्त्रास मात्र हा उपाय लावूं नये. मुलाम्याखालीं गंज शिरलेला असल्यास तो पापुद्र्यापापुद्र्यानें सुटतो.

नळीच्या आंतील भागाविषयीं एक सूचना. जुन्या काळ्या दारूचा अवशेष हवेंतील ओल शोषून घेतो, आणि जुन्या टोप्यांतील द्रव्य जळल्यावर जो क्षार उरतो तो मिठासारखाच असतो. हे क्षार तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. म्हणून पिढ्यान् पिढ्या तेल घातलेल्या नळ्याहि आंतून खाल्लेल्या सांपडतात. लोखंडास पाणी लावावयाचें हें ऐकून आपले लोक दचकतात. पण आधीं कढत पाण्यानें धुवून, लगेच पूर्ण सुकवून, मग तेल, हाच क्रम बरोबर आहे. तेल खनिज असावें. खोबरेल थंडींत थिजतें व कालांतरानें खवट होतें. जवसाचें तेल तर वाळून वारनीस बनतें, आणि पूर्वीं कोणीं भक्तिभावानें तें लावलेलें असल्यास सर्व यंत्र त्यांत गोठलेलें आढळतें.

लोखंडाचा गंज स्थिर करण्याचा आणखी एक उपाय संग्रहालयांत वापरतात. हिरड्यासारख्या तुरट पदार्थांत जें द्रव्य असतें त्याचा द्राव लावला असतां गंजाचें काळें संयुग बनतें. हें संयुग आमच्या वाचकांच्या रोजच्या ओळखीचें आहे. हिरडा व हिराकस यांच्या शाईचा काळेपणा तो हाच! पोथीवर जो कागद खातो तोच येथें लोखंड राखतो. आम्हीं हा उपाय फक्त मुठीखालच्या झांकलेल्या भागावर केला, कारण त्यानें रंग बदलतो व पुढील संशोधकास मूळ रंग पाहावयास मिळत नाहीं.

सर्व झाल्यावर खोली अंधारी करून आडव्या उजेडांत वाचन केलें. वरच्या पट्टीवरील लेख पुरा निघाला: "ब्रिटिश बुल-डॉग". हें देशाचें नांव नव्हे व मालकाचेंहि नव्हे. हें नमुन्याचें नांव आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली यांनीं १८७२ च्या सुमारास आंखूड नळीचें, पांच घरांचें, खिशांत मावणारें रिव्हॉल्व्हर या नांवानें काढलें. तें इतकें खपूं लागलें कीं बेल्जममधील लिएज येथील अनेक कारखान्यांनीं त्याच्या नकला केल्या व तेंच नांव त्यांवर बिनदिक्कत ठोकलें. अस्सल वेब्लीवर वेब्लींचें नांव वा चिन्ह अपेक्षित असतें. तें येथें दिसलें नाहीं. चक्रावर मात्र लंबवर्तुळांत ई, एल्, जी हीं तीन रोमन अक्षरें, त्यांखालीं तारा व लंबवर्तुळावर मुकुट, असा शिक्का स्पष्ट निघाला. हा लिएजच्या शस्त्रपरीक्षागृहाचा शिक्का होय. १६७२ सालीं स्थापन झालेल्या या गृहांत प्रत्येक नळी व चक्र जादा दारूनें भरून बार काढून पाहतात व टिकल्यास शिक्का मारतात. शिक्क्यांचे नियम वेळोवेळीं बदलले, आणि आपल्या उपयोगाचें तें हेंच. जसे दरबारी शिक्के बदलल्यानें पत्रांचा काळ बांधतां येतो तसें हें. लंबवर्तुळावरील मुकुट १८९३ सालीं आला. तपासनिसाच्या अक्षरावर १८७७ पर्यंत मुकुट असे, त्यानंतर तारा. आमच्या चक्रावरील अक्षरावर तारा आहे. नळीच्या बुडाशीं मुकुटाखालीं आर् हें अक्षर आहे. आंटे पाडलेल्या नळीची ही खूण १८९४ पासूनची. परदेशी मालावर इंग्लंडांतील परीक्षागृहें १९०४ पासून १९२५ पर्यंत "इंग्रजी बनावटीचें नव्हे" अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारीत. तो येथें नाहीं, पण घासलेल्या अंगावर होता कीं काय हें सांगतां येत नसल्यानें त्यावरून कांहीं अनुमान काढीत नाहीं. मुकुट व आर् एवढे पुरे आहेत. सत्तावन सालच्या उठावणीनंतर निदान छत्तीस वर्षें हें रिव्हॉल्व्हर जन्मासच आलें नव्हतें. हे शिक्के चक्रावर व नळीच्या बुडाशीं होते आणि चक्र गंजानें जखडलेलें होतें, म्हणूनच घासणाऱ्या चाकापासून ते वांचले.

मग कथेचें काय? ती कोणीं रचलेली होती काय? याचें उत्तर बाडांत मिळालें. त्यांत १९११ सालचा एक परवाना आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याखालीं दिलेल्या त्या कागदांत पांच बारांच्या, ३२० बोअरच्या एका रिव्हॉल्व्हरची नोंद आहे व खरेदी नवी असल्याचा शेरा आहे. आमच्या चक्राच्या घरांचें माप त्याशीं जुळतें. परंतु त्याच बाडांत १८६२ सालची घरांतील चीजवस्तूंची एक मोडी यादी आहे. तींत तरवारी, पट्टा, दोन तोड्याच्या बंदुका यांच्या खालीं टोपीचें विलायती पिस्तूल, बार पांच, अशी एक बाब आहे. आणि त्या ओळीपुढें, दुसऱ्या हातानें व निराळ्या शाईनें, तें सरकारांत दाखल केल्याचा शेरा आहे. यादी काजळाच्या शाईनें लिहिलेली असून अजून काळी कुळकुळीत आहे. शेऱ्याची शाई तपकिरी झाली आहे व त्यानें कागद किंचित् खाल्ला आहे. दोन्हीं एकाच दिवशीं लिहिलेलीं नाहींत हें उघड दिसतें.

म्हणजे घरांत पांच बारांचें टोपीचें पिस्तूल खरोखर होतें. तें अ‍ॅडम्सचें असावें असें पांच या संख्येवरून वाटतें, पण यादीवरून सिद्ध होत नाहीं. कोल्हापुरांतून आलें हेंहि तींत लिहिलेलें नाहीं. तें गेलें. त्या प्रांतांत शस्त्रें काढून घेण्याचा सरकारनें किती आग्रह धरला होता हें १८५७ सालीं मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेडरांनीं त्याविरुद्ध केलेल्या उठावणीवरून माहीतच आहे. पिस्तूल गेलें तरी कथा घरांत राहिली, आणि पन्नासएक वर्षांनीं दुसरें पांच बारांचें हत्यार घरांत आलें तेव्हां ती त्याच्यावर जाऊन बसली. पांच हा आंकडाच तेवढा पूल झाला. सहा घरांचें रिव्हॉल्व्हर घेतलें असतें तर कदाचित् कथा बसली नसती.

हें सर्व वारसांस कळविलें. त्यांतील वडील गृहस्थांचें उत्तर सौजन्याचें पण थोडें खिन्न आलें. स्मरणिकेंत रिव्हॉल्व्हरचें छायाचित्र छापण्याचें त्यांनीं रहित केलें. त्याऐवजीं मोडी यादीचें तें एक पान छापलें, शेऱ्यासकट. आमच्या मतें छायाचित्रापेक्षां तें पान शतपट मोलाचें आहे, आणि तें आम्हांस विनामूल्य मिळालें होतें. किंमत आम्हीं मोजली ती बेल्जमच्या नकलेची. १८५७ च्या कथेचा भाव परत मागावा असें कांहीं मित्रांनीं सुचविलें. पण विक्रेत्यानें वाचून दाखविलेला शब्द खोटा नव्हता, अपुरा होता. वाचन पुरें करणें हें आमचें काम होतें.

रिव्हॉल्व्हर सध्यां आमच्याकडे परवान्यावर आहे. डावें अंग काळें, उजवें पांढरें, असें तें विजोड दिसतें. पांढऱ्या अंगास कृत्रिम रंग देऊन सारखें करण्याचा मोह आम्हीं टाळला आहे, कारण तो घासलेला भाग हाहि आतां त्याच्या इतिहासाचाच भाग झाला. त्याबरोबर आलेल्या चामडी म्यानांत तें ठेवीत नाहीं. कमावलेल्या चामड्यांतील क्षार व ओल यांनींच मूळचा गंज धरला होता. वर ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेंत निघालेल्या जातीच्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात दिला आहे व पेटींत ओल शोषणारे सिलिकेचे खडे ठेविले आहेत. आषाढापासून आश्विनापर्यंत दर पंधरवड्यास तें पाहावें लागतें. हातमोजे घातल्याशिवाय त्यास हात लावीत नाहीं, कारण घामांतील मीठ दोन दिवसांत बोटांचे ठसे तांबडे उठवितें. मुठीस दोऱ्यानें एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर कोठून, केव्हां, कोणत्या कागदांबरोबर मिळालें, काय काढलें व काय लावलें, हें तारखांसह लिहिलें आहे.

राहिला प्रश्न पहिल्या पिस्तुलाचा. सरकारांत दाखल झालेल्या हत्यारांच्या याद्या कचेऱ्यांतून करीत असत. बेळगांव किंवा दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानी मुलुखांतील १८५७ ते १८६५ या दरम्यानची अशी एखादी यादी, मोडी, कानडी वा इंग्रजी, कोणा वाचकाच्या संग्रहांत किंवा पाहण्यांत असेल व तींत पांच बारांच्या टोपीच्या पिस्तुलाचा उल्लेख आढळेल, तर त्यांनीं त्या ओळीचें छायाचित्र मंडळाच्या पत्त्यावर पाठवावें. ओळीपुढील शेरा, असल्यास, छायाचित्रांतून वगळला जाऊं नये.